पुण्याचे पाव्हणे

आमच्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. पुढच्या चैत्रात मला पुन्हा जत्रेला जायचं आहे. इतकंच सांगतो, की गाव जुन्नर तालुक्यात आहे, देव भैरवनाथ आहे, आणि एसटी स्टँडपासून देवळापर्यंत जाणारा एकुलता एक रस्ता वर्षातले ३६३ दिवस रस्ता असतो, उरलेले २ दिवस जत्रा असतो. त्या दोन दिवसांत त्याच्या एका कडेला रसवंती, भेळभत्ता, गोडीशेव आणि जिलबी बसते. दुसऱ्या कडेला कासार, खेळणी, प्लास्टिकच्या बादल्या आणि ‘कोणतीही वस्तू वीस रुपये’. मधून माणसं जातात. माणसांमधून एक मोटारसायकल जाते. ती दरवर्षी जाते आणि दरवर्षी ‘‘अहो, एवढं पलीकडं जायचंय’’ असंच म्हणत जाते.

पत्रिकेवर ‘यात्रा उत्सव’ असं छापलेलं असतं. बोलताना मात्र कुणी यात्रा म्हणत नाही. यात्रा पावतीपुस्तकात असते, रस्त्यावर असते ती जत्रा.

ही जत्रा ऐन उन्हाळ्यात का, असा प्रश्न पुण्यातली माणसं मला विचारतात. डोक्यावर ऊन, पायाखाली डांबर, प्यायला बाटलीतलं पाणी. देवाला थंडीत वेळ नसतो का? असतो. भक्तांना नसतो. चैत्रात गहू-हरभरा घरात आलेला असतो, कांदा निम्मा विकून निम्मा चाळीत गेलेला असतो, पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात आणि मृगाला अजून दीड-दोन महिने असतात. शेतकऱ्याच्या हातात वेळ आणि पैसा एकाच वेळी असण्याचे वर्षातले काय ते एवढेच आठवडे. देवांनाही हे ठाऊक असणार. नाहीतर जुन्नर, आंबेगाव, खेडमधल्या इतक्या गावदेवांनी पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ओळीनं तिथ्या धरून ठेवल्या नसत्या. शेजारच्या दोन गावांची तिथी सहसा एक नसते. देव वेगळे असले तरी पाळणेवाला एकच आहे, आणि पाव्हणेही तेच.

जत्रेची सुरुवात देवळातल्या अभिषेकानं होते, असं पत्रिका सांगते. ते खरं नाही. ती पाडव्याच्या बैठकीत होते. सकाळी कडुनिंब खाऊन तोंड कडू झालेली मंडळी संध्याकाळी सभामंडपात सतरंजीवर बसतात आणि वर्गणीचा विषय निघतो. घरटी किती, हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. यंदा दीड हजार ठरले. खरा प्रश्न त्यानंतर येतो. घर म्हणजे काय?

या प्रश्नावर आमच्या गावानं जेवढं डोकं खर्चलं आहे तेवढं विद्यापीठातल्या कुठल्या विभागानं खर्चलं असेल असं मला वाटत नाही. घर म्हणजे चूल, हा जुना कायदा. पण गॅस आला आणि चूल दिसेनाशी झाली. रेशनकार्ड धरावं तर कार्डं ज्याच्या त्याच्या सोयीनं फोडलेली. विजेचा मीटर धरावा तर काही घरांत मीटर नाही, बल्ब मात्र आहेत. तो विषय कमिटी काढत नाही, कारण त्यातला एक बल्ब कमिटीतच बसलेला असतो. मग उरतं ते तोंडी निवेदन. वीतभर बांधासाठी तालुक्याच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध तारखा घेणारे सख्खे भाऊ त्या संध्याकाळी मांडीला मांडी लावून बसतात आणि एका सुरात सांगतात, ‘‘आमचं काय वेगळं हाये? आमची चूल एकच.’’ एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणून हळहळणाऱ्यांनी पाडव्याला आमच्याकडे यावं. त्या संध्याकाळी ती तासभर जिवंत असते. पावती फाटली की पुन्हा तारखेला जाते.

आमच्या घरालाही यंदा हा प्रश्न भोवला. मी पुण्यात नोकरीला. गावात दादा असतो. जुन्या घराशेजारी मी दोन खोल्या बांधल्या आणि हौसेनं वेगळा मीटर घेतला. कमिटीतल्या नानांनी बैठकीत तेवढंच धरलं.

‘‘मीटर दोन, म्हंजे घरं दोन.’’

‘‘नाना, तो पुण्याला असतो,’’ दादा म्हणाला. ‘‘त्या खोल्यांमध्ये कांदा हाये. आता कांद्याला वर्गणी लावता का?’’

‘‘कांदा कुणाचा?’’

‘‘माझा.’’

‘‘मंग बिल कोण भरतो?’’

इथं दादा गप्प बसला, कारण बिल मी भरतो. ‘‘बघू जत्रा झाल्यावर,’’ असं म्हणून तो विषय तिथंच ठेवला गेला. आमच्या गावात जे ठरत नाही ते सगळं जत्रा झाल्यावर बघायचं असतं. हा सगळा संवाद मला नंतर कळला. त्या वेळी मी पुण्यात बसून, आपण गावाला विसरलेलो नाही अशा भरल्या मनानं, कमिटीच्या क्यूआर कोडवर २,००१ रुपये पाठवले होते. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ ते २,००१ रुपये आहेत.

क्यूआर कोडबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. देवळाच्या दगडी खांबावर, शेंदराच्या बोटाखाली तो चिकटवला आहे आणि त्याच्याशेजारी पैसे आले की बोलणारा छोटा डबा ठेवला आहे. डब्यातली बाई हिंदी बोलते. आरती ऐन रंगात आलेली असावी, घंटा वाजत असावी, आणि मध्येच तिनं खणखणीत आवाजात ‘‘एक सौ एक रुपये प्राप्त हुए’’ म्हणावं, असं यंदा तीनदा झालं. देवाला एवढ्या तातडीनं पोच देण्याची सोय याआधी नव्हती. एका म्हातारीनं माझ्यादेखत डब्याला हात जोडले.

पण डब्याचा आवाज कितीही खणखणीत असला तरी तो सभामंडपापुरता. जत्रेचा खरा आवाज बाहेर, पाराच्या कट्ट्यावर बसतो. गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. माइकवरून ते निवृत्त झालेले नाहीत. पहाटे पाचला ‘‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’’ने गाव उठतं. पहिली दहा मिनिटं टेस्टिंगचीच असतात. माइक पहिल्या हॅलोलाच चालू झालेला असतो, पण गुरुजींची खात्री पटायला दहा मिनिटं लागतात.

त्यानंतर दोन दिवस त्या माइकवरून जे जातं त्याला मी जत्रा म्हणतो. पाळणा, पिपाणी, पालखी हे त्याचं नेपथ्य. ‘‘मांडव डहाळ्यांच्या गाड्या वेशीत आलेल्या आहेत, वाजंत्रीवाल्यांनी चहा आटोपून वेशीत जावं.’’ ‘‘निळा सदरा घातलेला, नाव विचारलं तर रडणारा मुलगा पारावर आहे, ज्याचा असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावा.’’ ‘‘शेरणी वाटप चालू आहे, लहान मुलांनी एकदाच रांगेत यावं, मी वरून बघतोय.’’ ‘‘पांढऱ्या रंगाची गाडी रसवंतीच्या दारात लावणाऱ्या पाव्हण्यांनी ती काढावी, बैलाला रस काढायला जागा राहिलेली नाही.’’ हे शेवटचं वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. रसवंतीला वीस वर्षांपासून मोटार आहे, बैल नाही. गुरुजींचं वाक्य मात्र बैलाच्या काळातलं आहे आणि ते त्यांनी बदललेलं नाही.

या सगळ्याच्या मधल्या जागांत देणग्यांची यादी वाचली जाते. इथं मात्र काटेकोर नियम आहेत, लिहिलेले नाहीत तरी कुणी मोडत नाही. १०१ रुपयांना नाव मिळतं. ५०१ला नाव, वडिलांचं नाव आणि आळी. १,००१पासून ‘श्री.’ लागतो. पाच हजारांच्या पुढं विशेषणं सुरू होतात: दानशूर, प्रगतशील बागायतदार, युवा उद्योजक. अकरा हजारांना नाव तीन वेळा, आणि तिसऱ्या वेळेला हलगी. देवाचं दर्शन पाच मिनिटांत उरकणारी माणसं आपलं नाव कानावर पडेपर्यंत पाराखाली दोन-दोन तास बसतात. तोंडावर भाव असा, की आपण सहज सावलीला टेकलो आहोत. नाव आलं की लगेच उठत नाहीत. पुढची दोन नावं ऐकतात, धोतर झटकतात, मग जातात.

मीही टेकलो होतो. द्राक्षवाल्यांची नावं झाली, टोमॅटोवाल्यांची झाली, मुंबईकर मंडळ झालं. आमच्याकडचं एक अख्खं गाव मुंबईत आहे. पूर्वी गोदी, गिरणी आणि भाजीबाजारात, आता मिळेल तिथं. जत्रेला ते येतं तेव्हा मूळ गावाला अंग चोरून बसावं लागतं. मुंबईकरांच्या यादीला हलगी वाजली. आणि मग गुरुजींचा आवाज आला.

‘‘पुण्याचे पाव्हणे,’’ पुढं माझं नाव, ‘‘यांजकडून यात्रा कमिटीस रुपये दोन हजार एक.’’

पाव्हणे!

ज्या पारावर बसून गुरुजी बोलत होते त्या पाराची एक चीर मी लहानपणी गोट्या खेळताना फोडलेली आहे. त्या गुरुजींच्याच हातचा मार मी चौथीत खाल्लेला आहे. ज्या भैरवनाथासमोर हे चाललं होतं त्याच्यासमोर माझं जावळ काढलेलं आहे. आणि मी पाव्हणा! म्हणजे पाणी विचारायचं, चहा द्यायचा आणि कधी निघणार ते विचारायचं. तसं ते सकाळपासून सगळे विचारतच होते. ‘‘कव्हा आला?’’ आणि त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत, ‘‘कव्हा जाणार?’’ तोवर मला त्यात माया दिसत होती.

मी पारावर चढलो.

‘‘गुरुजी, मी पाव्हणा कसा?’’

गुरुजींनी चष्म्याच्या वरून बघितलं. ‘‘तू व्हय? अरे, पैसे पुण्यावरून आले. वहीत पाव्हण्यांच्या पानावर लिहिलंय.’’

‘‘पण मी गावचाच ना?’’

‘‘थांब, दुरुस्ती करतो,’’ असं म्हणून, मी नको म्हणायच्या आत, त्यांनी माइक ओढला. ‘‘हॅलो. एक दुरुस्ती आहे. पुण्याचे पाव्हणे असं म्हणत आहेत की ते पाव्हणे नाहीत.’’

पाराखालचे पन्नास आणि रस्त्यावरचे पाचशे हसले. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. त्यानंतर दोन दिवस मला कुणी नावानं हाक मारली नाही. ‘‘काय, पाव्हणे नाहीत ते!’’ अशीच हाक यायची.

हा घाव विसरायला मी बैलगाड्याच्या घाटाकडं गेलो. शर्यतीची आमच्याकडची रीत वेगळी आहे. चार बैल, पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला, आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. माणसं सकाळी सातपासून उन्हात दरडीवर बसतात. एक बारी सुटते ती बारा-तेरा सेकंदांत संपते. मग पुढचा गाडा जुंपेपर्यंत पाऊण तास मागच्या बारा सेकंदांवर चर्चा. बैलाला वर्षभर दूध, अंडी आणि उडीद चारलेला असतो. त्याच घरातल्या पोरांचा चहा कोरा असतो. पोरंही तक्रार करत नाहीत, कारण ‘फळीफोड’ची ढाल घरात आली तर शाळेत त्यांचीच मान वर होणार असते. बक्षिसांचं म्हणाल तर आमच्याकडं अजून ढाल, रोख आणि फार तर मोटारसायकल. २०२२ साली पिंपरी-चिंचवडकडच्या शर्यतीत जेसीबी ठेवला होता, तेव्हापासून आमच्या गाडामालकांना मोटारसायकल ही सायकलसारखी वाटायला लागली आहे.

घाटातला निवेदक वेगळा असतो. गुरुजींचा आवाज तिथं पुरत नाही. गाडा सुटला की तो ‘‘भिर्रर्रर्र’’ असा सूर लावतो आणि ‘‘झाली, झाली, झाली, झाली’’वर दम सोडतो. मधली सात वर्षं त्याच्यावर वाईट गेली. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. २०१७मध्ये राज्यानं कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. घाटात गवत वाढलं. गावानं बैल विकले नाहीत, निवेदक तर विकताच येत नव्हता. तो लग्नात सूत्रसंचालन करायला लागला. पण गळ्याला लागलेलं वळण जात नाही. नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवाकडं निघाला की ह्याचा आपोआप ‘‘भिर्रर्रर्र’’ लागायचा, आणि शेवटच्या मंगलाष्टकाला अंतरपाट निघाला की ‘‘झाली, झाली, झाली!’’ एका वरमाईनं भर मांडवात त्याचा माइक काढून घेतल्याचं मी ऐकून आहे. २०२१च्या डिसेंबरात न्यायालयानं परवानगी दिली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं कायदा कायम केला, आणि लग्नं पुन्हा शांततेत लागायला लागली. बैलांना काय वाटतं हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या वकिलांनी भरपूर लढवला. दरडीवर बसून मला एवढंच वाटलं, की बारा सेकंदांत सुटका असलेलं काम मलाही चाललं असतं.

जेवणाचं तर विचारूच नका. पहिला दिवस गोडाचा, म्हणजे पुरणपोळी. आणि देवाला पहिल्या दिवशी मांस चालत नाही म्हणून मासवडी. बाहेरच्यांना हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. मासवडीत मास नसतं. बेसनाची पोळी, आत तीळ, खसखस, खोबरं, लसूण यांचं सारण, आणि वर असा रस्सा की खाणाऱ्याला मांस नसल्याचं दुःख करायला सवड मिळू नये. यंदा पुण्याहून आलेल्या माझ्या एका शाकाहारी मित्रानं नाव ऐकून ताट बाजूला सारलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो भावजी, खा की, डाळीचंच हाये.’’ त्यानं विचारलं, ‘‘मग मासवडी का म्हणता?’’ वहिनींनी शांतपणे विचारलं, ‘‘तुमच्याकडं बटाटेवड्यात बटाटा असतो, मग मंचुरियनमध्ये काय असतं?’’ तो सहा वड्या जेवला.

दुसरा दिवस तिखटाचा. त्या दिवशी प्रत्येक घर येणाऱ्याला बसवतं आणि येणारा प्रत्येक घरी बसतो. ‘‘आत्ताच जेवलो’’ हे वाक्य त्या दिवशी गावात कुणाला ऐकू येत नाही. एका घरी चार घास कमी खाल्ले तर त्याची आठवण पुढच्या चार लग्नांत निघते. मी दुपारपर्यंत तीन घरी जेवलो. चौथ्या घरी आत्या होती. आत्यासमोर पोटाची सबब चालत नाही. तिनं भाकरी कुस्करून देतादेताच सांगितलं, ‘‘पाव्हणे नाहीत ना तुम्ही? मग घ्या आपल्या हातानं.’’ म्हणजे बातमी आत्यापर्यंत पोचली होती.

कुस्त्यांचं मी लांबवत नाही, कारण तिथं माझा इतिहास चांगला नाही. आखाडा सुरू होतो तो रेवड्यांच्या कुस्त्यांनी. चड्डीतली पोरं, जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. १९८०च्या आसपास माझ्या मामेभावानं मला हलगीच्या तिसऱ्या ठेक्यालाच चितपट केलं होतं. तो आज कमिटीत आहे. शेवटची मोठी कुस्ती यंदाही बरोबरीत सोडवली, आणि गर्दीनं यंदाही ‘‘नुरा हाये, नुरा!’’ म्हणून बोंब मारली. दोन नामांकित पैलवान अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून विचार करत उभे राहिले की नुरा म्हणायचं, हा प्रघात आहे. इनाम दोघांना सारखं वाटून दिलं.

तमाशाबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. नारायणगाव आमच्यापासून जवळ. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला जातात. ही सुपारी ठरवायला आमच्या गावातून चार माणसं पुरली असती. यंदा अकरा गेली. परत आल्यावर चहापाण्याचा खर्च त्यांनी मोठ्या मनानं कमिटीच्या नावावर लिहिला. माझ्या लहानपणी तमाशा रात्री उशिरा उभा राहायचा. गण, गौळण, बतावणी, मग वग. आणि वगातला राजा न्याय द्यायचा तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलेलं असायचं. पुढं ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षात मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट सरकार देऊ शकतं. त्या मोजक्या दिवसांत आमच्या भैरवनाथाची तिथी बसत नाही. नियम वाईट नाही. पाराला लागून घर असलेल्या माणसाला विचारा. पण वग लिहिणाऱ्यानं तो दहा वाजता संपेल असा लिहिलेला नाही. आमच्याकडं गणाला उशीर होतो, कारण गणाच्या आधी सत्कार असतात. नऊ वाजता गौळण, साडेनऊला बतावणी, दहाला पाच कमी असताना राजा दरबारात येतो. गेल्या काही वर्षांत राजानं एका निरपराध राजपुत्राला सुळावर द्यायचा हुकूम काढला आहे, आणि तेवढ्यात हवालदार माइकपाशी येऊन घड्याळ दाखवतो. पुढच्या वर्षी तोच वग, तोच हुकूम, तोच हवालदार. राजपुत्र सुटला की नाही, हे आमच्या गावातल्या पंचवीस वर्षांखालच्या कुणालाही माहीत नाही.

सकाळी हजेरीचा कार्यक्रम होतो. तो दिवसाउजेडी असल्यामुळं त्याला वेळेचा जाच नाही, पण गर्दी वगासाठी नसते. पैसे देणाऱ्यांची नावं तिथंही माइकवरून पुकारतात. आदल्या दिवशी देवाच्या माइकवर १०१वर भागवलेल्या एका बागायतदारांचं नाव हजेरीत सातदा आलं. गुरुजींनी ते पारावरून ऐकलं. ते काही बोलले नाहीत, फक्त वहीत बघून घेतलं.

एकदा हे सगळं झालं नाही. २०२० साली पाडवा आणि लॉकडाऊनचा पहिला दिवस एकच आला, २५ मार्च. बैठक नाही, पत्रिका नाही. तिथीच्या दिवशी पुजारी आणि तीन माणसांनी पालखी देवळातल्या देवळात फिरवली. त्या वर्षी वर्गणी नव्हती, त्यामुळं गावात कुणाची चूल एक झाली नाही. आई सांगायची, पहाटे पाचला ती सवयीनं उठली आणि अंथरुणात बसून राहिली. कुणी हॅलो म्हटलं नाही.

यंदाची जत्रा संपल्यावर मी पुण्याला आलो. येताना नवं पायताण एका पायात होतं, दुसऱ्या पायात कुणाचं तरी होतं. छबिन्यात गेलेल्या माणसाला तेवढं नुकसान धरावंच लागतं. दहा दिवसांनी हिशेबाची बैठक झाली. दादानं फोन चालू ठेवून मला ती ऐकवली. मांडव, शोभेचं दारूकाम, शेरणीचा गूळ, सुपारी, इनामं. तिथवर शांतता होती. ‘किरकोळ’ हा शब्द आला आणि फोनमधून फक्त गोंगाट ऐकू यायला लागला. किरकोळीचा आकडा सुपारीच्या खालोखाल होता. पाऊण तासानं तो विषयही पुढच्या जत्रेनंतर बघायचा ठरला.

शेवटी नानांनी येणे बाकीची यादी वाचली. ज्यांची घरटी वर्गणी आलेली नाही त्यांची नावं. सहावं नाव माझं होतं. रुपये दीड हजार.

मी फोनवरूनच ओरडलो, ‘‘नाना, मी दोन हजार एक दिलेत! गुरुजींनी माइकवर सांगितलंय!’’

‘‘ती देणगी,’’ नाना म्हणाले. ‘‘पाव्हण्यांच्या पानावर हाये ती. ही वर्गणी. तुझा मीटर वेगळा, तुझं घर वेगळं, तुझी बाकी वेगळी.’’

‘‘मग मी पाव्हणा का गावचा, ते एकदा ठरवा.’’

पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही. मग नाना म्हणाले, ‘‘येडा हायेस का? पाव्हण्याकडं बाकी कोण मागतं?’’

दीड हजार रुपये आहेत. अजून भरलेले नाहीत.